बंद घरांची बारी

आमचे लाइन इन्स्पेक्टर रस्त्याने सरळ चालत नसत. दारू घेऊन चालायचे असं समजू नका. साधी सुपारीसुद्धा त्यांच्या तोंडात मी कधी पाहिली नाही. पण बाजारपेठेतून छत्री काखेत मारून झपझप चाललेला हा माणूस मध्येच थांबायचा आणि जिथे काही म्हणजे काहीच नाही अशा जागेला वळसा घालून पुढे जायचा. तिथे कुणी उभं असावं आणि त्याला आपला धक्का लागू नये, तसा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, शेण पडलं असेल. जवळ जाऊन बघते तर स्वच्छ डांबर.

"तिथे काय आहे हो?" मी विचारलं.

"आता काय नाय बाय. आधी खांब होता."

खांब काढून किती वर्षं झाली, तर म्हणे अकरा. आणि असे वळसे गावभर होते. त्यांच्याबरोबर पोस्टापर्यंत जायचं म्हटलं तरी मला लाज वाटायची, लोक वळून बघायचे.

मी तेव्हा रत्नागिरीच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. ऐंशी साल उलटून थोडी वर्षं झाली होती, एसटीडीचे पिवळे बूथ अजून यायचे होते. मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल लावायचा आणि दिवसभर फोनला चिकटून बसायचं. माझ्यासमोर एक लाकडी बोर्ड होता, त्यावर ओळीने पितळी चकत्या. खेड्यातल्या फोनचा दांडा कुणी फिरवला की त्या गावाची चकती टक् करून खाली पडायची. मग मी वायर खुपसायची आणि म्हणायची, "बोला." वीस वर्षं हेच केलं. अजूनही घरात कुठे टक् झालं की माझा हात उचलला जातो.

इन्स्पेक्टर आले की आधी त्यांचा कान दिसायचा. उजव्या कानाच्या पाळीवर गंजाचा तांबूस डाग, कितीही घासला तरी न जाणारा. दिसेल त्या लोखंडी खांबाला कान लावायची सवय. आधी बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचं, मग कान टेकायचा, डोळे मिटायचे. तारेतून वारा गेला की खांब गुणगुणतो, हे तुम्हालाही माहीत असेल. पण इन्स्पेक्टर त्यावरून सांगायचे की अमक्या गावाची लाइन उद्या बंद पडणार. आणि पडायची. आमच्यातले दोघेतिघे त्यांना घाबरून असत ते काही उगाच नाही.

स्वतः मात्र ते फोनवर कधी बोलत नसत. "लाइन ठीक" एवढे दोन शब्द, बस. पावसच्या बाजूला त्यांचं घर होतं, आंब्याच्या एका व्यापाऱ्याची लाइन त्यांच्या दगडी गडग्यावरून जायची. खात्यातल्या माणसाला फोन सहज मिळाला असता. मी म्हटलं, घेत का नाही? तर म्हणाले, "माझ्या घराला दीड खांब लागंल. मी दीड खांबाचा माणूस नाय."

हे त्यांचं मोजमाप. माणूस भेटला की तो किती खांबांचा ते आधी ठरवायचं. बाजारपेठेत एका खांबावरून तीस दुकानांना तारा जायच्या, म्हणजे तिथला सोनार असो की कापडवाला, खांबाचा तिसावा हिस्सा. मी ऑफिसामागच्या आळीत राहायची, मला त्यांनी पाव खांब दिला होता. "शहरात बाय, एक खांब पुरला की तीस घरं पैसे देतात. खेड्यात तीस खांब पुरले की एक घर देतं, आणि तेपण वेळेवर नाय. वरच्या साहेबांचा काय दोष? गणित सोपं हाय." आणि वर म्हणायचे, "सोपं हाय म्हणून भीती वाटते."

कॉलेजच्या रस्त्याला सात खांब होते, त्यांना ते पाहुणे म्हणायचे. शिडी लावण्याआधी चप्पल काढायचे. सगळी माणसं हसायची. मीही हसले होते, तेव्हा त्यांनी मला त्या खांबांचं मूळ सांगितलं. ते खांब एका आडवाटेच्या वाडीवरून आणलेले. नोकरीला लागल्यावर पहिल्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. वाडीत फोन होता, पण महिन्याला तीन-चारच कॉल व्हायचे. वरून विचारणा आली, परवडतं का? यांनी लिहून दिलं, परवडत नाही.

"खोटं लिहिलं का?"

"एक अक्षर खोटं नाय."

"मग? पुढे काय झालं तिथे?"

"काय नाय झालं. तेच तर सांगतोय. कोण मेला नाय, कोण ओरडला नाय. खांब होता तोवर लोकांना वाटायचं, रस्ता आपल्याकडं येतोय. आमी खांब उचलले तेव्हा त्यांना कळलं, जातोय. तीन पावसांत वाडी रिकामी. मी परत गेलो तर खड्डे तेवढे होते, आणि वाऱ्याचा आवाज तोच. तार नाय, खांब नाय, आणि आवाज तोच. मी उभा होतो तिथं बाय. खोटं कशाला सांगू."

त्या दिवसानंतर मी कॉलेजच्या रस्त्याला त्या खांबांच्या अगदी जवळून जात नाही. हसायचं तर हसा.

आता त्या गावाकडे येते. गावाचं नाव मी घेत नाही. पालीच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून सड्यावर चढायचं, तो उघडा कातळ ओलांडायचा आणि पलीकडे दरीत उतरायचं, तिथे तेवीस घरांची एक वाडी. पालीपासून तिथपर्यंत एकशे नऊ खांब लागले. शेवटचा खांब एका म्हातारीच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला आला. फोन खरा देवळात लावायचा होता, पण देवळापर्यंत आणखी दोन खांब पडले असते, म्हणून तो म्हातारीच्या पडवीतच भिंतीला ठोकला. तिची ना नव्हती. उलट तिला तेच हवं होतं. तिचा एकुलता मुलगा लग्नावरून भांडून मुंबईला गेला होता, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. पत्र नाही, पत्ता नाही. फोन लागला तसा तिने गावातून मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात नंबरची चिठ्ठी दिली. कुठेतरी भेटेल, आणि भेटला की फोन करील. एवढा एकच हिशेब तिचा.

पण फोन द्यायचा तर खात्याची अट होती, आणि ती अट सांगायला आमचे इन्स्पेक्टरच देवळात गेले होते. कागदावर काय होतं ते मी नंतर वाचलं. वर्षाची सरासरी दिवसाला एक कॉल पडली पाहिजे, नाहीतर लाइन बंद. यांनी सरासरी वगैरे शब्द गाळून टाकला आणि सांगितलं, "रोज एक कॉल. एक दिवस कोरा गेला की खांब जातील." त्या वेळी त्यांना वाटलं असेल, असं सांगितलं की लोक विसरणार नाहीत. बरोबरच वाटलं. गावाने ते देवाचं असल्यासारखं धरलं आणि बारी लावली.

बारी म्हणजे देवळात दिवा लावायची असते तशी पाळी. आज या घराची, उद्या त्या घराची, तेवीस दिवसांनी पुन्हा पहिल्या घरावर. रोज सकाळी दहाला ज्याची बारी तो म्हातारीच्या पडवीत यायचा आणि दांडा फिरवायचा. बरं, कॉल करणार कुणाला? रत्नागिरीत त्यांचं कोण? तेव्हा इन्स्पेक्टरनीच तोड काढली. आमच्या ऑफिसचा चौकशीचा फोन माझ्याच टेबलावर होता. बारीचा कॉल तिथे जोडायचा. म्हणजे मी उजव्या हाताने जोडायचा आणि डाव्या हाताने उचलायचा. नियमाने कॉल झाला, आणि बोलायला माणूसही मिळालं. एकेक जण काय काय बोलायचा. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा कुळीथ गेला, एसटी आज आली का. सातव्या घरचा म्हातारा तर आधी दोनदा खाकरायचा, "हां" म्हणायचा, आणि मग बराच वेळ त्याला काही सुचायचंच नाही.

हे ठीक होतं. पण मध्ये मध्ये गप्प कॉल यायला लागले.

दहाला चकती पडायची, मी जोडायची, "बोला" म्हणायची, आणि पलीकडे काही नाही. रिकामी लाइन आणि गप्प बसलेलं माणूस यातला फरक ऑपरेटरला कळतो. पलीकडे माणूस होतं. श्वास ऐकू यायचा. पूर्ण तीन मिनिटं, म्हणजे एका कॉलची वेळ संपेपर्यंत, तसं चालायचं आणि मग फोन हळूच ठेवला जायचा. दोन महिने मी सहन केलं. एके दिवशी फिरलं माझं डोकं. "कोण आहे तिकडे? मिठाची गुळणी धरलीय का तोंडात? आमच्या घरचा फोनचा अर्ज आठ वर्षं पडून आहे, आणि तुम्हाला गप्प बसायला फोन हवा?" असं काय काय बोलले. पलीकडून हूं नाही की चूं नाही. तीन मिनिटं झाल्यावरच फोन ठेवला.

इन्स्पेक्टर आले तेव्हा मी तक्रार केली. त्यांनी तारखा विचारल्या, खिशातून एक यादी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. तेवीस घरं, त्यांच्या वळणदार अक्षरात. नऊ घरांपुढे फुली.

"ही बंद घरं," ते म्हणाले. "माणसं मुंबईला. पण घर गावचं हाय ना? दिव्याच्या बारीतून बंद घर वगळत नायत, मंग फोनच्या कसं वगळतील? त्या दिवशी शेजारी त्याच्या नावानं करतो. फक्त तोंड उघडायचं नाय. बोललं की बारी बोलणाऱ्याची होते, बंद घराची राहत नाय."

तुम्हीच सांगा, खात्यातल्या कुठल्या साहेबाने अट घालताना हे मनात तरी आणलं असेल का?

तेव्हापासून ती यादी माझ्या काचेखाली होती. चकती पडली की मी आधी यादी बघायची. फुली असली तर "बोला" म्हणायची नाही, नुसती बसून राहायची. आणि मग मला एक गोष्ट लक्षात यायला लागली, ती अशी की फुल्या वाढत चालल्या आहेत. एखाद्या घरची सून बोलता बोलता सांगायची, "आमी जाताव आता मुंबयला, गणपतीला येऊ." की पुढच्या बारीला ते घर गप्प. सातव्या घरचा म्हातारा वारला, ते घर गप्प. पहिल्या वर्षी आठवड्यातून दोन-तीनदा गप्प बसावं लागायचं. चौथ्या वर्षी आठवड्यातून एखादा दिवसच आवाज यायचा. गाव रिकामं होताना कुणी पाहत असेल, मी ते ऐकलं. सकाळी दहाला, चहाचा कप समोर ठेवून.

इन्स्पेक्टर दर महिन्याला यादीवर नवीन हिशेब मांडायचे. पहिल्यांदा, तेवीसही घरं धरून, एका घराला पावणेपाच खांब पडत होते. मग पावणेआठ. मग अकरा. मग सत्तावीस. सहाव्या वर्षी बावीस फुल्या झाल्या आणि एक घर राहिलं, म्हातारीचं.

"एकशे नऊ खांबांची बाई," ते म्हणाले. "जिल्ह्यात एवढ्या खांबांचं माणूस दुसरं नाय बाय. कलेक्टरपण नाय." आणि हसले. त्यांना हसताना पाहणं तसं दुर्मीळच होतं, आणि मला ते आवडलं नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात मी एकदा तिथे जाऊन आले. मीच मागे लागले होते. माझ्या जागी दुसरी बाई बसवली आणि पहिल्या एसटीने पाली गाठून आम्ही दोघं सड्यावर चढलो. उन्हं वर आली होती. चहूकडे काळा कातळ, झाड नाही, सावली नाही, आणि खांबांची एक ओळ. वारा अजिबात नव्हता. तरी खांब गुणगुणत होते. इन्स्पेक्टर प्रत्येक खांबाला दोनदा ठोकून पुढे जात होते. एका ठिकाणी मला म्हणाले, "लाव कान." मी लावला. आधी नुसती गुणगुण, मग त्याच्या आतून खूप माणसं एकदम हळू आवाजात बोलत असल्यासारखं काहीतरी. देवळात गाऱ्हाणं घालताना मागची माणसं पुटपुटतात ना, तसं. शब्द एकही कळला नाही. मी कान काढला तर कान भाजला होता. गरम लोखंड होतं, दुसरं काही नाही, असं मी स्वतःला बजावलं.

वाडीत उतरलो तर बावीस घरांना कुलपं, आणि बावीसही खळी स्वच्छ झाडलेली. पाचोळ्याचं एक पान नाही. म्हातारी झाडायची. फक्त तिच्या स्वतःच्या खळ्यात फणसाचा पाला पडला होता. तेवढी ताकद उरत नसावी. माझा आवाज ऐकून तिने मला ओळखलं, हात धरून पडवीत नेलं, गूळपाणी दिलं. मग दहा वाजले. तिने पाय धुतले, डोक्यावर पदर घेतला, दांडा फिरवला, रिसीव्हर कानाला लावला आणि समोरच्या एका बंद दाराकडे बघत बसली. ओठ घट्ट मिटलेले. तीन मिनिटं तिच्याकडून आवाज म्हणून आला नाही, मी हातभर अंतरावर बसले होते. मग तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "सातव्याची झाली. बोललास की आपली होते गो. लोकांची नको आपल्याला."

"आजी, कशाला एवढं करता? सगळे गेले की."

"ह्यांची चुकली तर खांब जातील. खांब गेले तर माझा झील फोन करील कुठं?"

संध्याकाळी आम्ही दोघं ऑफिसात परत आलो. माझ्या जागेवरची बाई पर्स आवरत होती. म्हणाली, "तुझ्या त्या गावाचा कोण गं तो म्हातारा? तीन मिनिटांत बोलला काही नाही, नुसता खाकरला. दोनदा."

मी इन्स्पेक्टरांकडे पाहिलं. ते यादी बघत होते. "सातवं घर होतं ना?" म्हणाले. "मंग बरोबर हाय." आणि छत्री घेऊन गेले.

वरच्या साहेबांना वाईट ठरवायचं म्हणून मी हे सांगत नाही. त्यांचंही खरंच होतं. त्या वर्षी ते तपासणीला आले आणि माझ्यासमोरच इन्स्पेक्टरांना म्हणाले, "अहो, एका म्हातारीसाठी एकशे नऊ खांब? एवढ्या तारेत इथल्या दोन नव्या वसाहतींना फोन मिळतील. लोक वर्षानुवर्षं अर्ज करून बसलेत." त्यांतली एक मीच होते. इन्स्पेक्टर म्हणाले, "साहेब, अट एका कॉलची हाय. सहा वर्षांत एक दिवस कोरा नाय. कोरा गेला तर मीच उचलीन, कुणी सांगायला नको." साहेबांनी ते लिहून घेतलं आणि यांची सही घेतली. मार्चअखेरपर्यंत एकही दिवस कोरा गेला नाही तर लाइन राहील, गेला तर खांब उचलायचे. मला वाटलं, हा माणूस आता फसला. एका म्हातारीच्या तब्येतीवर सही दिली याने.

जून गेला, गणपती झाले, थंडी गेली. चकती रोज पडत होती. बावीस दिवस गप्प, तेविसाव्या दिवशी म्हातारीची स्वतःची बारी. त्या दिवशी ती साठवलेलं सगळं बोलून घ्यायची, कोंबडीपासून गुडघ्यापर्यंत, मला मध्ये शिरायला जागा ठेवायची नाही. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "मुंबयचा आला तर लगेच जोड हो बाय. मी पडवीतच हाय."

मार्चचा शेवटचा दिवस तिच्याच बारीचा आला. मी सकाळपासून खुशीत होते. आज बोलेल, वर्ष पुरं होईल, साहेबांची जिरेल. दहा वाजले. चकती पडली नाही. अकरा झाले. साडेअकराला इन्स्पेक्टर येऊन स्टुलावर बसले, छत्री गुडघ्यांवर आडवी.

"आपण करू का तिकडे?" मी विचारलं.

"ऑफिसनं केलेला धरत नायत. बाहेरचा आला किंवा तिनं केला, तरच."

"अहो, कॉल राहू दे. ती ठीक आहे का ते तरी बघू."

ते स्टुलावरून हलले नाहीत. एक वाजला, दोन वाजले. मी डबा उघडलाच नाही. बाकीच्या चकत्या पडत होत्या, मी जोडत होते, आणि प्रत्येक टक् बरोबर आम्ही दोघं त्या एका चकतीकडे बघत होतो.

साडेतीनला मुंबईची ऑपरेटर लाइनवर आली. तिने त्या गावाचं नाव घेतलं. सहा वर्षांत मुंबईहून त्या गावाला आलेला तो पहिला कॉल. मी इन्स्पेक्टरांना खूण केली, त्यांनी दुसरा हेडफोन उचलून तो डाग पडलेला कान त्याला लावला. मी गावाची घंटी वाजवली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा वाजवताना पलीकडे फोन उचलला.

"आजी, मुंबईचा आहे," मी ओरडलेच. "बोला, बोला."

पलीकडे गप्प. मुलाला जोडून दिलं.

"आई? आई, मी बोलतोय." मोठ्या माणसाचा आवाज, पण घाबरलेला. "तुझी चिठ्ठी मिळाली गं. आज मिळाली. किती हातांतून फिरत आली." मग वाट बघितली. "रागावलीस? रागाव. बोल काहीतरी." पुन्हा वाट बघितली. श्वास ऐकू येत होता, तो मला रोजच्या सवयीचा होता. "मला मुलगी आहे आई. तीन वर्षांची. तुझंच नाव ठेवलंय." आता तो रडत होता. "मे महिन्यात येतो सगळ्यांना घेऊन. ऐकतेस ना? घर उघडं ठेव."

तीन मिनिटं झाली. मला तोडवेना, पण मुंबईने तोडलं. पलीकडे फोन हळूच ठेवला गेला.

मला रडू आलं आणि रागही आला. "नऊ वर्षं वाट पाहिली आणि आज मिठाची गुळणी? पोरगं रडतंय आणि ही बया एक शब्द बोलू नये?"

इन्स्पेक्टरांनी हेडफोन काढून जपून ठेवला. चेहरा उतरला होता. "तिच्या बारीला ती गप्प बसायची नाय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते गेले. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी परत आले, स्टुलावर बसले, आणि बराच वेळ पाणी पीत राहिले. मग सांगितलं. दाराला आतून कडी होती. शेजारच्या गावचा पोलीस पाटील बोलावून दार उघडलं. म्हातारी अंथरुणातच होती, झोपेत गेलेली. पाटील म्हणाला, तीन दिवस तरी झालेत. विहिरीवर शेजारच्या गावच्या कुणी तिला शेवटचं पाहिलं त्यालाही चार दिवस होत होते.

"तीन दिवस?" मी यादीवर बोट ठेवलं. "अहो, मग एकविसावं घर? बाविसावं? दोन्ही दिवशी दहाला चकती पडलीय. मी जोडलंय. आणि परवाचा फोन..."

"फोन पडवीत हाय," ते म्हणाले. "दाराच्या बाहेर. नीट ठेवलेला होता." पेला खाली ठेवला. "बावीस खळी पाल्यानं भरलेली, बाय. तिचं तेवढं झाडलेलं."

ऑफिसात चार माणसं होती, पंखा चालू होता, बाहेर रिक्षावाले भांडत होते. तरी माझ्या अंगावर काटा आला तो उतरेना. मुलगा पुढे मे महिन्यात आला तेव्हा आधी आमच्या ऑफिसात आला, मुलीला कडेवर घेऊन. मला एवढंच विचारलं, की माझं सगळं ऐकलं ना आईने? मी म्हटलं, पूर्ण तीन मिनिटं फोन ठेवला नाही. यात खोटं काय होतं? पण त्याच्याकडे बघवलं नाही मला.

खांब पुढे उचललेच, इन्स्पेक्टर निवृत्त झाल्यावर. ते असताना कुणाची छाती झाली नाही. आणि त्याला कारण त्या दुपारी आमच्यात झालेलं बोलणं. रजिस्टर माझ्यापुढे उघडं होतं. मार्चच्या शेवटच्या तारखेची ओळ मी कोरी ठेवली होती, म्हातारी बोलली नाही म्हणून रागाने.

"लिही," ते म्हणाले.

"काय लिहू? कुणाच्या नावावर लिहू? तिथे जिवंत माणूस नव्हतं हो."

"तिच्या नावावर. बारी तिची होती." त्यांनी माझ्या हातातलं पेन बरोबर त्या ओळीवर आणून टेकवलं. हात थंडगार होता. "सहा वर्षं ती लोकांच्या घरांची बारी करत आली. एवढी बावीस घरं हायत, तिची एक कुणी करायची नाय का?"

मी लिहिलं.